तीन पंखे आणि ताईची चारशे वाक्ये

४ मार्च, मंगळवार

ज्या यंत्राला लोक गणकयंत्र म्हणतात ते माझ्या घरी गणती कमी आणि गुरगुर जास्त करते, याबद्दल मी या वहीत आज रीतसर निषेध नोंदवत आहे. टेबलाखालचा तो काळा डबा गेली सहा वर्षे, मी शब्दकोशाची मुद्रिते तपासत असताना, म्हाताऱ्या मांजरासारखा गुरगुरत आला. मी कधी तक्रार केली नाही. दोन वैयाकरण एका खोलीत असले की याहून जास्त आवाज होतो.

पण आता दुर्लक्ष परवडत नाही. ताई आमच्याकडे राहायला आली त्याला तीन आठवडे झाले. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकवले. तिने फळ्यापाशी "गप्प" म्हटले की शेजारचे दोन वर्गही गप्प होत. तिच्या जिभेच्या नसा क्षीण होत चालल्या आहेत. बोलणे जाईल, असे डॉक्टर म्हणाले. सहा महिने, फार तर वर्ष. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी (आम्ही त्यांना घरात वाचाबाई म्हणतो) एक प्रोग्रॅम दिला आहे. पडद्यावर वाक्य येते, ताईने ते माइकसमोर वाचायचे. पसंत पडले तर हिरवी खूण, नाही तर लाल. अशी चारशे वाक्ये. त्यांतली तीनशे तरी हिरवी झाली, तर पुढे ताई जे टाईप करेल ते डबा तिच्याच आवाजात बोलेल.

आज पहिली चाळीस वाचली. तेहेतीस हिरवी, सात लाल. लाल का, हे यंत्र सांगत नाही. सांगायची गरजही नाही, मला कान आहेत. पंखे.

५ मार्च, बुधवार

डबा उघडला. आत धुळीचे तीन थर निघाले. तज्ज्ञ बोलावला असता तर त्याने कालखंड सांगितले असते. पुढे एक पंखा, मागे एक, मध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर एक चिमुकला. चिमुकलाच सगळ्यांत जास्त ओरडतो. घराघरांतला अनुभव आहे.

रंगाच्या ब्रशने धूळ झाडली. ताई खुर्चीत बसून बघत होती.

"पंडित, स्क्रू मोजून ठेव. लहानपणी घड्याळ उघडलं होतंस, आठवतं? चार तुकडे उरले होते."

"ते जास्तीचे होते."

"हो. घड्याळही त्यानंतर जास्तीचंच झालं."

बोलताना तिच्या गालात गोळी असल्यासारखे वाटते, एवढेच. बाकी जीभ तीच, धारही तीच.

७ मार्च, शुक्रवार

संगणकाच्या सुट्या भागांचे दुकान. मालक वयाने माझ्याहून पाचसात वर्षांनी लहान असेल, तरी "काका" म्हणतो. मी डब्याची लक्षणे सांगितली. त्याने डॉक्टरासारखे ऐकले आणि डॉक्टरासारखेच, अर्ध्यात तोडले.

"काका, छोटा पंखा जोरात फिरतो म्हणून ओरडतो. मोठा सावकाश फिरतो, तेवढीच हवा देतो, आवाज नाही. पुढून दोन आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. बस्स. आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जरा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही."

येताना याचे सूत्र रचले: वायुः पुरतः प्रविशेत्, पृष्ठतो निर्गच्छेत्. दोन ओळींचे भाष्यही सुचले होते, पण हिने जेवायला बोलावले. (ही म्हणजे सौ. वहीतसुद्धा तिचे नाव लिहायची मला सवय नाही.)

तीन मोठे पंखे आणले आहेत, तळहाताहून रुंद.

८ मार्च, शनिवार

बसवले. चालू केले. आवाज कमी झाला आणि उष्णता वाढली! एरवी पन्नाशीत असणारा पारा सत्तरच्या वर. चिमुकला घाबरून आणखी किंचाळू लागला.

दुपारभर डोके खाजवले. मग कागदी रुमालाची एक पट्टी पुढच्या जाळीला धरली; चिकटली, म्हणजे हवा आत जाते. मागच्या जाळीला धरली, तिथेही चिकटली. मागचा पंखाही आतच फुंकत होता. पंख्याच्या चौकटीवर कडेला एक बारीकसा बाण असतो, हवा कुठे जाणार ते दाखवणारा. तो मी पाहिलाच नव्हता. दोन्हीकडून हवा आत आणि बाहेर जायला वाट नाही: आमच्या कोश-कार्यालयाची मासिक बैठक.

पंखा उलटा केला. पारा बावन्नवर. ही म्हणाली, "एवढ्यासाठी दुपार घालवलीत? बाण तर मलासुद्धा दिसतोय."

शास्त्र शिकलेल्या माणसाला वस्तू दिसत नाही, तिचा सिद्धांत दिसतो. हे मी तिला सांगितले नाही. ती हो म्हणाली असती.

१० मार्च, सोमवार

नव्या पंख्यांवर आणखी चाळीस वाक्ये. सत्तावीस हिरवी. तेरा लाल!

मी हादरलो. आवाज कमी होऊनही लाल वाढावे, याला काही कारण हवे. लाल वाक्ये ओळीने लिहून काढली. 'ताट टेबलावर ठेव.' 'डॉक्टर कधी येणार?' 'गाडी गेटपाशी थांबव.' 'काकडी कापून ठेव.' ट, ठ, ड, क, ग. मूर्धन्य आणि कंठ्य. ओठांवरचे प, ब, म मात्र सुखरूप आहेत. माझे निदान असे: पंख्याची जी घूंघूं उरली आहे ती नेमकी या वर्णांच्या पट्टीतली आहे आणि त्यांना गिळते आहे. विद्यार्थिदशेत वर्णांची उच्चारस्थाने घोकली होती, ती पस्तीस वर्षांनी अशी उपयोगी पडली. थोडा अभिमान वाटला.

ताई म्हणाली, "आपण वाचत राहू या ना. लाल तर लाल."

"नाही. घाणीत धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. आधी डबा गप्प करतो, मग एका दमात संपवू."

तिने माझ्याकडे बघितले. "बरं," म्हणाली. ताई वाद न घालता बरं म्हणते, हे मला चांगले लक्षण वाटले.

१३ मार्च, गुरुवार

पंखे स्क्रूने आवळले की त्यांची थरथर पत्र्यात उतरते आणि पत्रा ढोलकी होतो. स्क्रू काढून रबराच्या खुंट्या घातल्या. फरक आहे. आतल्या तारा दोऱ्याने बांधून कडेला सारल्या. हवेच्या वाटेत त्या जळमटांसारख्या लोंबत होत्या.

मग डब्याच्या छतालाही एक जुना पंखा लावून पाहावा म्हटले. गरम हवा वर जाते, हे तर शाळेत शिकवतात. पुढच्या बाजूला लावला. पारा खाली येण्याऐवजी वर. कारण कळायला तास लागला: पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो वरून उपसून टाकत होता. वाढलेल्या ताटातून घास उचलावा तसा. काढून टाकला. तीनच पुरेत.

ही टेबल पुसता पुसता म्हणाली, "मी काय म्हणते, डबा पलीकडच्या खोलीत ठेवा आणि लांब वायर आणा. मिटलं."

"तो उपाय नव्हे. ती पळवाट आहे."

"वन्संना आवाज हवाय की तुम्हाला उपाय?"

स्त्रियांच्या प्रश्नाला उत्तर नसेल तेव्हा चष्मा पुसावा, असा आमच्या गुरुजींचा पाठ होता. पुसला.

१४ मार्च, शुक्रवार

डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मागून निघालेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येत होती. दोन अंश उतरले. पुढचे बंद झाकणही काढले. जाळी उघडी पडल्यावर पंख्यांना आता हवा ओढून घ्यावी लागत नाही. बेचैनी आहे. सारखे वाटते, एक काहीतरी राहिले आहे.

१७ मार्च, सोमवार

खरा शत्रू सापडला. पंख्याचा सततचा आवाज कान विसरतात. चढउतार विसरत नाहीत. पारा दोन अंश चढला की पंखे धावत सुटतात, उतरला की थांबतात, पुन्हा धावतात, लग्नघरातला हरकाम्या. डबा सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर जाऊन वेग बांधून देता येतो. साठ अंशांपर्यंत हलायचेच नाही, पुढे हळूहळू चढायचे, आणि पारा उतरला तरी जरा वाट बघूनच मंदावायचे. मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर बांधले.

त्याच वेळी ताई फोनवर होती, पाण्याच्या फिल्टरवाल्याशी. मला सहाशे आणि साडेसहाशे यांतला फरक ऐकायचा होता म्हणून मी डब्याला कान लावून बसलो होतो. ताई तेच ते परत सांगत होती. मग फोन ठेवला.

"काय झालं?"

ती काहीतरी म्हणाली.

"काय?"

पुन्हा म्हणाली. मी डब्याकडे बोट करून तिला जरा थांबायची खूण केली, कारण नेमके तेव्हाच पंखे मंदावत होते. नंतर हिने सांगितले: फिल्टरवाला म्हणाला, आजी, घरात दुसरं कुणी असेल तर फोन द्या.

ताई आजी! पासष्टीची नाही अजून. उद्या त्याला खडसावणार आहे.

१८ मार्च, मंगळवार

सहाशे आणि साडेसहाशे आता डोळे मिटून ओळखतो. फिल्टरवाल्याला खडसावायचे राहिले.

२१ मार्च, शुक्रवार

जिंकलो!

सकाळी खिडक्या लावून, पंखे बांधून, डबा चालू केला आणि हिला विचारले, "चालू आहे की बंद?" ती म्हणाली, "बंद." दिवा दाखवला तेव्हा पटले. प्रोग्रॅममध्ये खोलीचा आवाज मोजणारी एक पट्टी आहे. ती तळाशी निपचित पडून होती. ज्या मांजराने सहा वर्षे गुरगुर केली ते झोपले. मी दुकानदाराला फोन करून ही वार्ता कळवली. तो म्हणाला, "छान, काका. पण इतकं कुणी करत नाही."

ताईला मानाने खुर्चीवर बसवले. अकरा दिवसांनी ती माइकसमोर आली. चाळीस वाक्ये.

एकोणीस हिरवी. एकवीस लाल.

मी पट्टीकडे बघतो, ती निपचित. पंख्यांना कान लावतो, चूप. तेव्हा आता माइक. माइकच सदोष असला पाहिजे. उद्या वाचाबाई येणार आहेत, त्यांना विचारतो.

२२ मार्च, शनिवार

वाचाबाई आल्या. मी त्यांना डबा उघडून दाखवला. पंखे, बाण, रबराच्या खुंट्या, बांधलेला वेग. त्यांनी कौतुकाने बघितले. मग लाल खुणांची व्यथा सांगितली.

"दाबून बघितलीत का?"

"काय दाबून?"

त्यांनी पडद्यावरच्या लाल खुणेवर माउसचा बाण नेला आणि बटण दाबले. छोटी चौकट उघडली: खोलीतला आवाज ठीक. उच्चार अस्पष्ट. दुसरी दाबली. तेच. मग त्या मागे मागे गेल्या, दहा मार्चच्या, चार मार्चच्या. सगळीकडे तेच. पहिल्या दिवसापासून खोली ठीक होती. मांजर गुरगुरत होते तेव्हासुद्धा.

"थोडा पंख्याचा आवाज चालतो हो," त्या म्हणाल्या, "तो आम्ही नंतर गाळून घेतो. पण उच्चार जो गेला तो मागून घालता येत नाही. म्हणून घाई करा म्हटलं होतं." मग माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "अजून बरंच मिळेल. सकाळी, जीभ ताजी असताना घ्या. दहा-दहाच."

म्हणजे ट, ठ, ड, क, ग. जी जीभ टाळूपर्यंत उचलत नाही, जिचे मूळ कंठाला लागत नाही, तिच्याकडून नेमके हेच वर्ण जाणार. माझ्याच हाताने यादी काढली होती. उच्चारस्थाने मीच लिहिली होती, नावानिशी. आणि निदान केले पंख्याचे.

त्या गेल्यावर ताईला विचारले, "तुला माहीत होतं?"

तिने सावकाश, एकेक शब्द सोडवत सांगितले. मला दोनदा विचारावे लागले. "पहिल्याच दिवशी दाबून बघितलं. मास्तरीण आहे मी. लाल शेरा दिसला की कारण बघते."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं होतं ना, वाचत राहू या."

"पण कारण सांगितलं नाहीस!"

"तू डब्यात डोकं घातलं होतंस. शिट्टी वाजवत होतास." ती थांबली, तोंड पुसले. "मी आल्यापासून पहिल्यांदा."

मला शिट्टी वाजवल्याचे आठवत नाही. हिला विचारले. ही म्हणाली, "रोज."

२६ मार्च, बुधवार

रोज सकाळी सात वाजता. दहा वाक्ये, विश्रांती, पुन्हा दहा, जमले तर पुन्हा दहा. ही कोमट पाण्याचा पेला घेऊन शेजारी बसते. आज तीसमधली सतरा. काल अठरा होती.

मी आता पंख्यांना हात लावत नाही. हात शिवशिवतात. अकरा दिवसांचा हिशेब मनातल्या मनात सारखा मांडतो आणि खोडतो. दहा मार्चची 'ताट टेबलावर ठेव' ऐकली, लाल खूण असलेली. आजच्या हिरव्यांहून ती स्पष्ट आहे, असे मला वाटले. यंत्राला काय वाटते ते विचारले नाही.

ताईची चेष्टा मात्र चालू आहे. आज 'कृपया मला क्षणभर विश्रांती घेऊ द्या' हे वाक्य आले. तीनदा लाल झाले. चौथ्यांदा ती माइकला म्हणाली, "गप." ते यादीत नव्हते, म्हणून खूण मिळाली नाही. मिळायला हवी होती.

३० मार्च, रविवार

हिरवी दोनशे बावीस. आज ताईने चाळिशी काढून ठेवली आणि मान हलवली. दहावरच थांबलो. फिल्टरवाला स्वतः येऊन गेला. ताईनेच दार उघडले आणि त्याला पाटीवर लिहून दाखवले. तो ओशाळला. मी तेव्हा अंघोळीला होतो.

२ एप्रिल, बुधवार

अडीचशे झाली. वाचाबाई म्हणाल्या, "एवढ्यात भागवू, थोडा खरखरीत होईल," आणि आज दुपारी डब्याने दोन तास लावून आवाज तयार केला. तीनही पंखे पुऱ्या वेगाने धावत होते. मी त्यांना धावू दिले.

मग ताईने टाईप केले आणि टेबलावरच्या स्पीकरमधून ताई बोलली.

खरखरीत कुठला! जरा सपाट आहे, वाक्याच्या शेवटी ताई जशी भुवई उचलून आवाज उचलते तसा उचलत नाही. पण ट म्हणजे ट. ड म्हणजे ड. वर्षभरापूर्वीची ताई. पहिले वाक्य तिने टाईप केले: "ही बाई बरीच शिस्तीची दिसते." आम्ही तिघे हसलो. ही डोळे पुसत हसली.

मग डबा म्हणाला, "पंडित, खिडकी उघड, उकडतंय."

"हो ताई, उघडतो," मी म्हणालो. स्पीकरकडे बघून म्हणालो. ताई माझ्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर बसली होती.

खिडकी उघडून परत आलो तर ताई बोलत होती. स्वतःच्या तोंडाने. हात माझ्या मनगटावर ठेवून, एकेक अक्षर ओढून काढत, काहीतरी लांबलचक. चार-पाच शब्दांत मला फक्त 'तू' कळले.

मी म्हणालो, "ताई, टाईप कर ना."

ती थांबली. हात काढून घेतला, मांडीवर ठेवला. रागावली नाही. कीबोर्डकडे बघितले आणि मग त्याला हातही न लावता म्हणाली, "जाऊ दे." ते दोन शब्द नीट कळले.

ही उठून आत गेली.

मी नंतर ताईला विचारले, काय म्हणत होतीस. तिने मान हलवली, की काही नाही.

महिनाभर या वहीत मी ताईचा आवाज जाईल, ताईचा आवाज जाईल म्हणून लिहीत आलो. तो जाणार आहे. पण आज मला भीती वाटते ती त्याची नाही. डॉक्टरांच्या हिशेबाने तिच्या तोंडात अजून पाच महिन्यांचे तरी बोलणे शिल्लक आहे, जड, ओढलेले, पुन्हा पुन्हा विचारून घ्यावे लागणारे. आणि ते ऐकायचे मी आजच सोडून दिले.